मागे घेतलेली सूचना: डिचोली तालुक्यातील एका वाड्यावरच्या स्वयंसेवक गटाचे प्रकरण

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, म्हणजे एप्रिल ते जून २०२१ या काळात, गोव्यातल्या डिचोली तालुक्यातील एका वाड्यावरच्या (गावातल्या एका वस्तीवरच्या) स्वयंसेवकांनी लोकांपर्यंत आरोग्याची माहिती पोहोचवण्याचे काम केले. ते करताना त्यांच्याच हातून एक घातक माहिती पसरली, ती मागे घ्यावी लागली, आणि ती मागे घेण्याच्या धडपडीतून गटाची पुढची सारी पद्धत घडली. गटाच्या नोंदवह्या आणि कार्यकर्त्यांशी नंतर झालेले बोलणे यांच्या आधारे ही मांडणी केली आहे. माणसे व वाडा ओळखू येणार नाहीत अशा बेताने काही तपशील गाळले आहेत. राज्यातील घडामोडी आणि त्यांच्या तारखा मात्र घडल्या तशाच दिल्या आहेत.

पार्श्वभूमी

हा भाग खाणपट्ट्यातला आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, मार्चमध्ये खाणी थांबल्या, आणि ज्या घरांचा संसार ट्रकवर चालत होता त्या घरांतली माणसे आसपासच्या औद्योगिक वसाहतींत कंत्राटी कामाला लागली. या प्रकरणात ही गोष्ट वरवर दिसते त्यापेक्षा महत्त्वाची आहे. कंत्राटी कामगाराला ताप आला आणि त्याने तो सांगितला, तर त्याचा रोज बुडतो. त्याचा अहवाल बाधित आला, तर सोबत काम करणाऱ्यांचाही रोज बुडण्याची शक्यता असते. म्हणून वाड्यावर ताप लपवला जात होता, आणि तो अज्ञानामुळे लपवला जात आहे असे समजून केलेला कोणताही उपदेश वाया जाणार होता.

दुसरी बाब यंत्रणेची. देशभर गावपातळीवर आरोग्याचा निरोप ‘आशा’ कार्यकर्त्या पोहोचवतात, पण गोव्यात ही योजना राबवलेली नाही. येथे हे काम परिचारिका, बहुउद्देशीय आरोग्य सेवक आणि अंगणवाडी सेविका यांच्यावर पडते. नेहमीच्या दिवसांत ते निभते. परंतु एकाच सेवकाकडे अनेक वाडे असतात, आणि एप्रिल २०२१ मध्ये तोच माणूस सकाळी नमुने घेण्याच्या रांगेपाशी, दुपारी लसीकरणाला आणि संध्याकाळी बाधितांच्या घरी, अशा तीन ठिकाणी हवा होता.

गट मुळात मार्च २०२० मध्ये उभा राहिला. टाळेबंदीच्या सुरुवातीला काही दिवस गोव्यात किराणा दुकानेही बंद होती, तेव्हा भजनी मंडळातल्या तरुणांनी आणि महिला स्वयंसाहाय्य गटातल्या बायकांनी मिळून तांदूळ, डाळ, दूध घरोघरी पोहोचवले. वाड्यावर सगळ्यांना ‘बाई’ म्हणून परिचित असलेल्या एक निवृत्त शिक्षिका, बाजारातल्या फार्मसीत काम करणारी एक मुलगी, बंद पडलेल्या टिपरचा मालक असलेला एक गृहस्थ, एक पंच आणि दहा-बारा पोरे, असा हा गट होता. राज्यातले पहिले सात रुग्ण एप्रिल २०२० मध्ये बरे झाले तेव्हा वाड्याने सुटकेचा नि:श्वास टाकला होता. पण जूनमध्ये वास्कोच्या मांगोरहिल भागातून संसर्ग पसरला, २२ जूनला राज्यातला पहिला मृत्यू शेजारच्या सत्तरी तालुक्यातल्या मोर्लेत नोंदला गेला, आणि भीती दारात आली. त्या पावसाळ्यात वाड्यावरच्या एका बाधित घराकडे रोज पाव घेऊन येणाऱ्या पोदेरानेही जाणे सोडले होते. हे घर पुढच्या एका निर्णयात पुन्हा येणार आहे.

२०२१ च्या आरंभी गट जवळजवळ विसर्जित झाला होता. व्हॉट्सॲपवरचा समूह मात्र तसाच राहिला. त्यावर वाड्यावरची बहुतेक घरे होती, आणि त्यावर काय टाकायचे व कोणी टाकायचे याला कसलाही नियम नव्हता.

अडचण

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तपासणी केंद्रावर रांगा लागल्या आणि आरटीपीसीआरचा अहवाल हाती यायला कित्येक दिवस लागू लागले. ताप आलेला असताना अहवालाची वाट पाहणे म्हणजे काहीच न करता बसणे, अशी घराघरांतली भावना होती. अशा वेळी समूहावर एका डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो आला. वाड्यावरच्या एकाच्या नातेवाइकाला रुग्णालयातून घरी सोडताना ती दिली गेली होती, आणि ‘आमच्या माणसाला याच औषधांनी गुण आला’ असे तिच्याखाली लिहिले होते. गटातल्या एका तरुण स्वयंसेवकाने ती चांगल्या हेतूने इतर समूहांवर पाठवली. दुसऱ्या दिवशी कोणीतरी तिची मराठीत यादी केली. रुग्णाचे नाव गेले, डॉक्टरांचे नाव गेले, तारीख गेली आणि उरले फक्त ‘कोविडची औषधे’ हे शीर्षक, गोळ्यांची नावे आणि त्या दिवसातून किती वेळा घ्यायच्या ते.

त्या यादीत एक स्टेरॉइड होते. कोविडमध्ये स्टेरॉइडचा उपयोग होतो हे खरे आहे. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीने ते दाखवून दिले होते. मात्र त्याच चाचणीने हेही दाखवले होते की हा फायदा प्राणवायू लावावा लागलेल्या किंवा व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांना होतो, आणि ज्यांना प्राणवायूची गरज नाही त्यांना तो होत नाही. पहिल्याच दिवशी, साध्या तापात घेतलेले स्टेरॉइड शरीराची प्रतिकारशक्ती दाबते आणि रक्तातली साखर वाढवते. शिवाय ताप उतरल्यामुळे माणसाला आपण बरे होत आहोत असे वाटते आणि तो घरीच थांबतो.

ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती फार्मसीतल्या मुलीच्या. एका दिवसात वाड्यावरच्या तिघांनी चिठ्ठीशिवाय तीच औषधे मागितली, आणि ती त्याच क्रमाने मागितली. फोनवरचा पडदा वाचत मागितल्याशिवाय असा क्रम जुळत नाही, हे तिने ओळखले. स्टेरॉइडची गोळी तिने दिली नाही, पण बाजारात दुसरीही दुकाने होती. रात्री घरी परतताना ती बाईंच्या अंगणात थांबली आणि म्हणाली, “बाई, ही यादी आपल्याच ग्रुपवरून फिरते आहे. आजच काहीतरी करूया.”

त्याच रात्री औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या एका चाळिशीतल्या माणसाच्या घरून फोन आला. त्याने पाच दिवस यादीबरहुकूम औषधे घेतली होती. मधल्या दोन दिवसांत ताप उतरला म्हणून तो एक पाळीही करून आला होता, आणि आता न्हाणीघरापर्यंत चालताना त्याला धाप लागत होती. गटाकडे त्या वेळी एकच ऑक्सिमीटर होता. बोट कोरडे व गरम करून, दोनदा लावून पाहिल्यावर आकडा नव्वदच्या खाली आला. १०८ ची रुग्णवाहिका बोलावून त्याला रुग्णालयात हलवण्यात आले.

समोर असलेले पर्याय

रात्री झालेल्या बैठकीत (ती फोनवरच झाली) चार मते पुढे आली. ही मते पुरेशा तपशिलाने नोंदलेली आहेत, आणि प्रत्येकामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे.

पहिले मत असे, की फोटो आणि यादी समूहावरून काढून टाकावी आणि अधिक बोलू नये. घबराट आधीच खूप आहे, त्यात ‘आम्ही दिलेली औषधे चुकीची होती’ असे सांगितले तर लोक गटाचे पुढचे काहीच ऐकणार नाहीत. हे मत पंचांचे होते. ते केवळ स्वतःला जपण्यासाठी मांडलेले नव्हते, कारण लोकांचा विश्वास हीच गटाची एकमेव पुंजी होती.

दुसरे मत, समूहावर दुरुस्तीचा संदेश टाकावा. हा सर्वांत सोपा उपाय होता, पण तो यादीमागोमाग धावणार होता. यादी एव्हाना इतर समूहांवर, शेजारच्या गावांत आणि कामगारांच्या फोनवर गेली होती.

तिसरे मत टिपरमालकाचे: घरोघर जाऊन सांगावे. यावर आक्षेप असा होता की संसर्ग ऐन भरात असताना स्वयंसेवकांना दारोदार पाठवणे धोक्याचे आहे, आणि टाळेबंदीत पोलीस हटकतील ते वेगळेच.

चौथे मत, गटाने औषधांविषयी बोलणे पूर्ण बंद करावे आणि सारे आरोग्य केंद्रावर सोपवावे. तत्त्वतः हे बरोबर दिसते. पण केंद्राचा फोन सतत व्यग्र लागत होता, आणि गट गप्प बसला असता तर ती पोकळी पुढच्या यादीने भरली असती.

बाईंनी तिसरे मत उचलून धरले. त्यांचे म्हणणे असे, की यादी कोणाच्या फोनवर आहे हे शोधून उपयोग नाही, ती कोणाच्या घरात वापरली जात आहे हे शोधले पाहिजे, आणि ते दारात उभे राहिल्याशिवाय कळणार नाही.

केलेली कृती: सूचना मागे घेणे

दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना गाठून मजकूर पक्का केला गेला. तो वहीत असा आहे:

“गेल्या आठवड्यात आमच्या गटाकडून औषधांची एक यादी तुमच्यापर्यंत आली. ती एका रुग्णासाठी त्याच्या डॉक्टरांनी लिहिलेली होती, सगळ्यांसाठी नव्हती. तिच्यातली एक गोळी ताप आल्यावर लगेच घेतल्यास अपाय होऊ शकतो. कोणी ती घेत असेल तर आजच सांगा, डॉक्टरांशी बोलणे करून देतो. तोपर्यंत मनाने चालू ठेवू नका आणि मनाने बंदही करू नका.”

या मजकुरातले दोन निर्णय मला फार मोलाचे वाटतात. ‘आमच्या गटाकडून’ हे शब्द पंचांना नको होते, ते बाईंनी ठेवायला लावले. फोटो पाठवणाऱ्या तरुणाचे नाव मात्र कुठेही घेतले नाही. तो स्वतःच घरोघर फिरणाऱ्यांत पुढे होता. आणि शेवटचे वाक्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी घालायला सांगितले. काही दिवस घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद करणेही काही रुग्णांना त्रासाचे ठरू शकते, हे गटातल्या कोणाला सुचले नसते. ‘ती गोळी फेकून द्या’ असा सरळसोट निरोप दिला असता, तर दुरुस्तीनेच आणखी एक दुखणे उभे केले असते.

फेरीचे नियम कडक होते. दोघांनी मिळून जायचे, अंगणातच उभे राहायचे, मुखपट्टी काढायची नाही, पाणीसुद्धा घ्यायचे नाही. एका घरी म्हाताऱ्या आजींनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बोट दाखवले. मे महिन्याच्या पानाच्या समासात नातवाने शाळकरी अक्षरात ती यादी उतरवली होती, गोळ्यांच्या नावांसमोर सकाळ-संध्याकाळच्या खुणा केल्या होत्या, आणि स्टेरॉइडच्या नावाखाली ‘ताप नसला तरी’ असे वाढवले होते. हे शब्द मूळ चिठ्ठीत कुठेच नव्हते. पान अंगणात मागवून बाईंनी ते नाव आजींच्या देखत खोडले, शेजारी त्या दिवसाची तारीख घातली आणि सही केली. घरात दोघांना खोकला होता, पण गोळ्या अजून आणल्या नव्हत्या. फोनवरचा संदेश कितीही वेळा दुरुस्त केला असता तरी या पानापर्यंत तो पोहोचला नसता.

फेरीत आणखी दोन घरे निघाली जिथे स्टेरॉइड सुरू होते. त्यातल्या एका घरच्या स्त्रीला मधुमेह होता. दोघांचेही डॉक्टरांशी बोलणे करून दिले गेले, आणि स्त्रीला त्याच दिवशी केंद्रावर नेण्यात आले.

यानंतर गटाने आपली पद्धत बदलली. समूहावर फक्त दोघीजणी संदेश टाकतील असे ठरले. प्रत्येक सूचनेला क्रमांक, तारीख, माहिती कोठून घेतली ते, आणि विचारणा करण्यासाठी एका माणसाचे नाव असणार होते. देवळाच्या सभामंडपाबाहेर एक फळा लावला आणि त्यावर एका वेळी एकच विषय ठेवला. नवी सूचना आली की जुनी पुसायची नाही, ती खोडून तिच्यावर ‘रद्द’ लिहायचे आणि दोन दिवस तशीच ठेवायची, असा नियम केला. फळ्यावर मराठी होती, कारण वाड्यावरची जुनी माणसे शाळा मराठीतून शिकलेली आणि वर्तमानपत्र मराठीच वाचणारी. फोनवरचा बोलका निरोप मात्र कोकणीतून जायचा, घरात बोलतात तसा.

दुसरा पेच: १० मे

नवी पद्धत लागू होऊन थोडे दिवस झाले असतील, तोच तिची कसोटी लागली. १० मे २०२१ रोजी राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केले की अठरा वर्षांवरील सर्वांना, बाधित असोत वा नसोत, प्रतिबंधक म्हणून आयव्हरमेक्टिन १२ मिलिग्रॅम पाच दिवस दिले जाईल. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र ३१ मार्च रोजीच, कोविडवर हे औषध केवळ वैद्यकीय चाचण्यांपुरते वापरावे, अशी भूमिका घेतली होती. देशातल्या एप्रिलच्या मार्गदर्शक सूचनांत ते सौम्य रुग्णांसाठी ‘देता येईल’ या सदरात होते, तेही पुरावा कमकुवत असल्याची नोंद करून, आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना वगळून.

गट अडचणीत सापडला. सूचना फक्त सरकारी सूत्रांकडून घ्यायची असे ठरले होते, आणि इथे राज्य सरकार एक सांगत होते आणि जागतिक संस्था दुसरे. वाड्यावरून विचारणा सुरू झाली: गोळ्या कधी वाटणार? एका बाजूला काहींचे म्हणणे होते की सरकारने सांगितले आहे, आपण कोण अडवणारे? दुसरीकडे फार्मसीतली मुलगी म्हणत होती, की नुकतीच एक यादी मागे घेतली, आता दुसरी कशाला द्यायची?

निर्णय असा झाला, की गटाने गोळ्या वाटायच्या नाहीत, मात्रा फळ्यावर लिहायची नाही, आणि कोणाला घेऊ नका असेही सांगायचे नाही. फळ्यावर लिहिले गेले ते एवढेच: हे औषध आरोग्य केंद्रातूनच, डॉक्टरांना विचारून घ्यावे. गरोदर व पाजणाऱ्या स्त्रिया आणि यकृताचा आजार असलेल्यांनी स्वतःहून घेऊ नये. गोळी घेतली तरी मुखपट्टी, विलगीकरण आणि लस यांपैकी काहीही टळत नाही. शेवटचे वाक्य ठळक अक्षरांत होते. गोळी घेतली म्हणजे आपण सुरक्षित, ही समजूत गोळीपेक्षा अधिक अपाय करील अशी बाईंची धास्ती होती, आणि माझ्या मते ती रास्त होती.

जूनच्या सुरुवातीला केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या मार्गदर्शक सूचनांतून आयव्हरमेक्टिन वगळण्यात आल्याचे प्रसिद्ध झाले. तेव्हा गटाला काहीही मागे घ्यावे लागले नाही. तरीही या निर्णयावर एक आक्षेप उरतो. दोन अधिकृत मते परस्परविरोधी आहेत, ही गोष्ट गटाने लोकांना उघड सांगितली नाही. ती सांगितली असती तर लोक गोंधळले असते, असे काहींना वाटते. माझे मत वेगळे आहे: वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना ती माहीत होतीच, आणि न वाचणाऱ्यांनाही ती माहीत असण्याचा हक्क होता.

आणखी काही निर्णय

१३ मे रोजी कोविशिल्डच्या दोन मात्रांमधले अंतर सहा-आठ आठवड्यांवरून बारा ते सोळा आठवडे करण्यात आले. फळ्यावरची जुनी सूचना त्याच संध्याकाळी ‘रद्द’ झाली. तरी दुसऱ्या मात्रेसाठी निघालेली दोन वृद्ध जोडपी केंद्रावरून परत आली, कारण त्यांच्या घरी फोन बघणारे कोणी नव्हते. पुढे अशा घरांची वेगळी यादी करून त्यांना तोंडी निरोप जाऊ लागला. १६ मेच्या तौक्ते वादळात झाडे पडून रस्ते अडले, वीज गेली, फोन बंद पडले, आणि ही वहीतली यादीच कामाला आली. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेल्या एका रुग्णाला टिपरमधून केंद्रावर पोहोचवावे लागले. टिपरमालकाने आधी करवत घेऊन रस्ता मोकळा केला.

नावांच्या बाबतीतला निर्णय अधिक कठीण होता. गावातल्या बाधितांची एक यादी कुठूनतरी फोनवर आली, आणि ती समूहावर टाकावी म्हणजे लोक सावध राहतील, असा आग्रह झाला. त्याला नकार देताना कोणी कायद्याचा दाखला दिला नाही. गेल्या वर्षी पोदेराने सोडलेल्या घरातली सून आता गटात काम करत होती. ती म्हणाली, “त्या दिवसांत कोणी आमच्या दारात आले नाही, म्हणून सासऱ्यांचा दम वाढला तेव्हाही आम्ही कोणाला सांगितले नाही.” यादी समूहावर गेली नाही. प्रत्येक बाधित घरासाठी एकच स्वयंसेवक नेमला गेला, आणि सामान, औषध, ऑक्सिमीटरची फेरी ही सगळी त्याच्याच हाती राहिली.

कामगारांच्या प्रश्नावर गटाने उशिरा हात घातला. विलगीकरण संपून कामावर परतणाऱ्यांकडे काही कारखाने नव्याने केलेला निगेटिव्ह अहवाल मागत होते. घरी विलगीकरणात असलेल्या सौम्य रुग्णासाठी केंद्र सरकारचा नियम स्पष्ट होता: लक्षणे सुरू झाल्यापासून किमान दहा दिवस झाले आणि तीन दिवस ताप नसेल तर विलगीकरण संपते, पुन्हा चाचणीची गरज नाही. गटाने या नियमाच्या प्रती काढल्या, आरोग्य केंद्राचा शिक्का घेतला आणि कामगारांच्या हाती दिल्या. काही ठिकाणी ते चालले, काही ठिकाणी नाही. पण ज्या दिवशी ही प्रत फळ्याशेजारी लागली, त्या दिवसापासून तापाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी येणारे फोन वाढले, असे बाईंचे निरीक्षण आहे. आधी ते चौथ्या-पाचव्या दिवशी येत. कामावर परतण्याचा रस्ता दिसल्याशिवाय माणूस आजार उघड करत नाही, एवढे यातून निश्चित कळते.

परिणाम

रुग्णालयात हलवलेला तो कामगार बरा होऊन घरी आला. त्याची साखर वाढलेली राहिली आणि पुढे काही महिने त्याला औषध घ्यावे लागले. ती आधीपासून होती की स्टेरॉइडमुळे वाढली, हे ठरवण्यासाठी त्याची पूर्वीची तपासणीच नव्हती. मधुमेही स्त्रीही बरी झाली. दिनदर्शिकेच्या घरातला खोकला घरच्या घरी बरा झाला.

गटावरचा विश्वास कमी होईल ही पंचांची भीती अंशतः खरी ठरली. चार-पाच घरांनी समूह सोडला, आणि एका घरच्यांनी ‘तुम्हीच आधी पाठवले’ असे दारात सुनावले. मात्र मागे घेण्याच्या फेरीनंतर फोन करून ‘ही सूचना अजून चालू आहे का’ असे विचारणारे लोक दिसू लागले, आणि हा प्रश्न त्याआधी कोणी विचारला नव्हता. गटाची स्वतःची किंमतही मोजावी लागली. फेऱ्यांच्या काळात दोन स्वयंसेवक बाधित झाले, दोघेही सौम्य आजारावर निभावले. संसर्ग फेरीतून आला की घरातून, हे कळण्याला मार्ग नव्हता.

वाड्यावर त्या दोन महिन्यांत मृत्यूही झाले. गटाच्या कामामुळे किती टळले, असा हिशेब मांडण्याचा मोह येथे आवरला पाहिजे. एका वाड्याच्या नोंदींवरून तसे काही सिद्ध होत नाही.

वेगळे काय करता आले असते

समूहावर कोण लिहील हा नियम जानेवारीतच, काम थंडावलेले असताना, करता आला असता. गट निष्क्रिय असताना त्याचे नाव आणि त्याची पोहोच दोन्ही शिल्लक असतात, आणि जबाबदारी मात्र कोणाचीच नसते. या प्रकरणाचे मूळ तिथे आहे. फोटो पाठवणाऱ्या तरुणात ते शोधू नये.

फार्मसीला गटाने पहिल्यापासून जोडून घ्यायला हवे होते. वाड्यावर काय पसरते आहे हे आरोग्य केंद्राच्या आधी फार्मसीच्या काउंटरवर कळले, तेही ती मुलगी योगायोगाने गटात होती म्हणून. बाजारातल्या बाकीच्या दुकानांशी असे बोलणे मे अखेरपर्यंत झाले नव्हते. दुकानदारांनी विनाचिठ्ठी स्टेरॉइड देऊ नये हा कायद्याचा भाग झाला. पण ‘आज एकाच औषधाची मागणी अचानक वाढली आहे’ एवढा फोन करायला कोणी नकार दिला नसता.

ऑक्सिमीटरचा विषय त्याहून साधा आहे. एकच उपकरण घरोघर फिरवताना ते पुसायचे कसे, नखाला रंग असेल किंवा बोट थंड असेल तर आकडा चुकतो, ९४ च्या खाली गेल्यास थांबायचे नाही, ही माहिती फळ्यावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात आली. ती औषधांच्या आधी यायला हवी होती. गोळ्यांच्या यादीपेक्षा हा एक आकडा लोकांच्या अधिक उपयोगाचा होता.

सर्वांत मोठी उणीव वाड्याच्या कडेला होती. तिथे भाड्याच्या खोल्यांत ओडिशा, बिहार आणि कर्नाटकातून आलेले कारखान्यांतले कामगार राहतात. समूहावर ते नव्हते, फळा त्यांना वाचता येत नव्हता, आणि मागे घेण्याची फेरी त्यांच्या दारापर्यंत गेली नाही, कारण घरांच्या यादीत त्या खोल्या घरमालकाच्या नावावर एकच घर म्हणून लिहिलेल्या होत्या. औषधांची यादी मात्र पाळीच्या बसमधून त्यांच्यापर्यंत पोहोचली होती, असे जूनमध्ये त्यांच्याशी बोलताना कळले. अठरा वर्षांवरील सर्वांसाठी मोफत लसीकरण २१ जूनपासून सुरू झाले, तेव्हा गटाने खोलीगणिक नावे लिहून घेतली आणि त्यांच्यातल्याच एकाला हिंदीतला व एकाला कन्नडमधला निरोप देण्याचे काम सोपवले. हीच नोंद एप्रिलमध्ये असती तर स्टेरॉइड घेणारी आणखी माणसे सापडली असती की नाही, हे आता कळणार नाही. नव्या वहीत त्या खोल्या वेगवेगळ्या घरांसारख्या, राहणाऱ्यांच्या नावाने लिहिल्या आहेत, आणि दर तीन महिन्यांनी ती पाने तपासायची जबाबदारी टिपरमालकाने घेतली आहे.